सहावं फाटक

दादाला घराबाहेर पडायला नेहमी उशीर. आम्ही चपला घालून जिन्यात उभे आणि हा आत किल्ल्या, चष्मा, रुमाल शोधतोय. दार ओढलं की कुलूप आपोआप बसायचं, म्हणून तो आतून ओरडायचा, "मागे!" म्हणजे दार लावू नका, मी मागून येतोय. लहानपणापासूनचं हे. वहिनी म्हणायची, स्वतःच्या लग्नालाही हा माणूस वरातीच्या मागून आला.

आमच्या सायकल क्लबाने तो शब्द त्याच्याकडूनच उचलला. दरवर्षी आम्ही शेतांमधून एकशे दहा किलोमीटरची माउंटन बाइकची शर्यत घेतो. वाट सात जणांच्या जमिनीतून जाते आणि त्या सगळ्यांची अट एकच, फाटकं उघडी राहता कामा नयेत. म्हणून पुढचा माणूस फाटकातून गेला की क्षणभर थांबतो. मागून कोणी "मागे!" ओरडलं तर फाटक तसंच ठेवायचं, नाहीतर कडी घालायची. सगळ्यांच्या शेवटी एक जण नारिंगी जाकीट घालून येतो. त्याला आम्ही शेपूट म्हणतो. शेपटामागे कोणी नसतं, त्यामुळे शेवटची कडी त्याचीच.

यंदा शेपूट मी होतो. ते काम मी हट्टाने मागून घेतलं होतं. दादाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेला चौदा महिने झाले होते. डॉक्टरांनी "हळू चालवा" एवढी परवानगी दिली होती आणि दादा ती बक्षीस मिळाल्यासारखी सगळ्यांना सांगत सुटला होता. सुरुवातीच्या रेषेपाशी वहिनीने मला बाजूला घेतलं.

"भाऊजी, जिंकायचं-बिंकायचं सोडा. ह्यांना तेवढं मागे राहू देऊ नका. मागे तुम्ही राहा."

"सोबत घेऊनच येतो," मी म्हणालो.

मी वजनमापं तपासतो. दुकानांतले, गिरण्यांतले, गोदामांतले काटे बरोबर आहेत की नाहीत ते पाहणं ही माझी नोकरी. भुताखेतांशी माझा कधी संबंध आला नाही, आणि हे सांगताना मला जरा ओशाळल्यासारखंच होतंय.

पहिली तीन फाटकं आम्ही रमतगमत पार केली. दादाची टकळी अखंड चालू होती. तिसऱ्या फाटकाच्या पुढे माझ्या मागच्या चाकात काटा गेला.

"जन्मभर काटे तपासलेस, बारक्या. आज एकाने तुला तपासलं!" दादा पोट धरून हसला. मग सायकल आडवी टाकायला लागला. "थांबतो मी."

"थांबू नकोस, अंग गार पडेल. तू हो पुढे. दहा मिनिटांत गाठतो तुला."

तो गेला. मक्याच्या दोन शेतांमधल्या वाटेवर त्याचं पिवळं हेल्मेट थोडा वेळ दिसत राहिलं. ट्यूब बदलायला मला दहाऐवजी वीस मिनिटं लागली. हवा भरताना एकदा कुठेतरी काहीतरी पडल्यासारखा आवाज आला. मी मान वर केली, पण मका डोक्याच्याही वर होता आणि एक पान हलत नव्हतं.

चौथ्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा ऊन ऐन माथ्यावर होतं. आत गेलो, वळलो, कडीला हात घातला.

"मागे!"

सवयीने फाटक धरून ठेवलं. मग लक्षात आलं, शेपूट तर मी. माझ्यामागे कोण असणार? वाट सरळसोट होती. एक किलोमीटरपर्यंत पांढरी धूळ आणि तिच्यावर पडलेलं ऊन. बाकी कोणी नव्हतं.

पुढच्या पाण्याच्या टेबलावर क्लबातल्या एक बाई होत्या. त्यांना फोन लावला.

"सगळे गेले हो," त्या म्हणाल्या. "तुमचे भाऊसुद्धा आत्ताच गेले, अडतीस नंबर. पाणी नको म्हणाले. म्हणजे, म्हणाले काहीच नाहीत. थांबलेच नाहीत."

दादा विजेच्या खांबाशीही गप्पा मारणारा माणूस. दमला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आवाज कुठल्यातरी पंपघरावर आपटून पुढून मागे आला असेल, हेही सांगितलं. पण फाटक उघडंच ठेवलं. मक्यात गुरं नव्हती, आणि कडी घालायला हात धजेना.

पुढे कालवा पाझरून वाट ओली झाली होती. दादाच्या मागच्या टायरच्या नक्षीतली एक गोटी तुटलेली आहे, त्यामुळे त्याचा माग मी कुठेही ओळखतो. तो तिथे होता. मी उतरून पाहिलं. माझं चाक चिखलात बोटभर रुतत होतं. दादा माझ्याहून अकरा किलोंनी जड आहे, ब्याऐंशी. त्याचा माग मात्र वरच्यावर उमटला होता, सायकलवर कोणी बसलेलंच नसल्यासारखा.

तो गेला तेव्हा चिखल सुकलेला असेल, मी मनात म्हणालो. पाणी नंतर पाझरलं असेल. आणि जोरात पेडल मारायला लागलो.

पाचव्या फाटकाशी तो आवाज परत आला. या वेळी जवळून, धाप लागलेला. मागे वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. वाट मोकळीच होती. तेही फाटक मी उघडं ठेवून निघालो.

सहावं फाटक कुरणाचं होतं. मी आत शिरलो तसा तीस-चाळीस गायींचा कळप फाटकाकडे सरकला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या खांद्यावरून मागच्या वाटेकडे बघत होत्या.

"मागे, बारक्या!"

हाताच्या अंतरावरून आला आवाज. मला बारक्या म्हणणारा जगात एकच माणूस आहे.

"दादा?"

फक्त धाप ऐकू येत होती. फाटकाबाहेरच्या वाटेवरची धूळ हलली नाही.

"अहो, फाटक लावा!" लांबून ट्रॅक्टरवरून मालक ओरडला. "गुरं रस्त्यावर जातील!"

पहिली गाय फाटकात आली होती. मी तिला ढकललं, फाटक ओढलं आणि कडी घातली.

धाप थांबली.

सातव्या फाटकाशी मी पूर्ण पाच मिनिटं उभा राहिलो. कोणी हाक मारली नाही.

शेवटच्या रेषेपाशी दादा खुर्चीवर बसला होता. वहिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला बघून तिचे डोळे भरले. "आणलंत हो, भाऊजी."

"उशीर केलास," दादा म्हणाला आणि हसला. मला इतकं हायसं वाटलं, की मी रडलोच.

तीन आठवड्यांनी वहिनीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं.

"भाऊजी, हे हल्ली सगळ्यांच्या आधी तयार असतात. बूट घालून दारापाशी उभे. काही हरवत नाहीत, काही शोधत नाहीत. मला बरं वाटायला हवं ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली आणि त्या कुरणावर गेलो. मालकाने मला ओळखलं. गायी हल्ली त्या कोपऱ्यात चरत नाहीत, एवढंच तो म्हणाला. मी सहावं फाटक उघडलं आणि धरून उभा राहिलो.

"किती वेळ ठेवायचंय?" त्याने विचारलं.

"थोडा वेळ."

अर्धा तास गेला. काहीच झालं नाही. मी कडी घातली, त्याचे आभार मानले आणि थेट दादाच्या घरी आलो.

वहिनीने दार उघडलं. दादा समोर सोफ्यावर बसला होता, बूट घालून. मी आत आलो आणि सवयीने दार ओढायला लागलो.

"मागे, बारक्या!"

खालच्या जिन्यातून.

वहिनीचा चेहरा एकदम खुलला. मग तिने सावकाश सोफ्याकडे पाहिलं.

"दार लावून घे," दादा म्हणाला.

जिन्यात पावलं चढत होती, दमलेली, जड. वजनाचा माझा अंदाज सहसा चुकत नाही.

"लवकर," दादा म्हणाला.

वहिनीने दार आणि चौकटीच्या मधे आपला हात घातला.