दोघांत एक चष्मा

फोटो नीट यावा म्हणून मी पुसदला गेलो होतो. काम एवढंच होतं.

पोरीचं लग्न ठरलं होतं. दीपमाला माझी एकुलती. शाळेत शिकवते. आधी आई आजारी म्हणून थांबली, मग आई गेली, मग बाबा एकटे म्हणून थांबली. तिशी उलटली. शेवटी पुसदचा अश्वजित तिला पसंत पडला. मुलगा चांगला, बँकेत आहे. मी म्हटलं, आता जा. फक्त जायच्या आधी तुझा एक फोटो मी काढणार, माझ्या कॅमेऱ्यावर. जन्मल्यापासून तिचे सगळे फोटो मीच काढले. एकही धूसर नाही.

महागावला माझा स्टुडिओ होता. मोबाईल आले, गिऱ्हाईक थांबलं, मी शटर ओढलं. कॅमेरा मात्र ठेवला. जुना आहे, रिळाचा. मागच्या खिडकीला डोळा लावला की मधोमध एक पिवळसर चौकोन दिसतो. त्या चौकोनात समोरचा माणूस दोनदा दिसतो, एकाशेजारी एक. भिंगाचं कडं फिरवत न्यायचं. दोन्ही माणसं सरकत सरकत एकमेकांत मिसळतात. मिसळली की अंतर जुळलं. कड्यावर आकडा असतो, माणूस किती मीटरवर आहे त्याचा. तो आकडा कधी चुकत नाही.

चुकायला लागले ते माझे डोळे. चौकोन धुरकट झाला. दोन माणसं कधी मिसळली ते कळेना. चौकोन मोठा दाखवणारं एक भिंग आहे माझ्याकडे, खिडकीवर आटे फिरवून बसतं. पण धुरकट गोष्ट मोठी केली की मोठी धुरकट होते. चष्मा घालून पाहावं तर डोळा खिडकीपासून लांब राहतो आणि कडा दिसत नाहीत. यावर उपाय एकच. चष्म्याच्या नंबरची काच गोल कापून खिडकीवरच बसवायची. त्यावर ते मोठं करणारं भिंग.

पुसदला जीवन चष्मेवाला आहे. त्यानं कॅमेरा उलटापालटा करून पाहिला.

"काका, आता काच कोठी भेटते? समदं प्लास्टिक. तेच लावून देऊ?"

"नोको. ओरखडे पडते."

"मंग घरचा जुना चष्मा असन काचेचा, तर आना. कापून देतो." तो हसला. "नाही तं मोबाईल घ्या. डोळा लावाचं कामच नाही."

"मोबाईलवर चेहरा येते," मी म्हटलं. "माणूस येत नाही."

चष्मा माझ्या खिशातच होता. मी काढून दिला. त्यानं तो उजेडात धरला. 

"हा काकूचा हाय न?"

"दोघाईचा."

खरंच दोघांचा होता. कौसल्याचा आणि माझा नंबर एकच निघाला, तेव्हा आम्ही चष्मा एकच केला. एका वेळी एकालाच लागतो, दोन कशाला? सकाळी मी पेपर वाचायचो. ती सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडायला बसायची आणि हात पुढं करायची. "आना इकडं. आता माह्यी पाळी." चाळीस वर्षांच्या संसारात तिचं माझ्याशी सकाळचं पहिलं बोलणं पुढं पुढं तेवढंच उरलं होतं. ती गेली तेव्हा दीपमाला म्हणाली, बाबा, चष्मा आईसोबत देऊ. मी नाही म्हटलं. माझाही होता तो.

"डावी कापू का उजवी?" जीवननं विचारलं.

"कोणतीही काप."

त्यानं डावी कापली. एका काचेचा चष्मा कागदात गुंडाळून परत दिला.

त्याच दुपारी मी अंगणात बसून काच बसवली. घर आमचं गावाच्या टोकाला. अंगण, मग सीताफळाचं झाड, मग शेत. कापूस वेचून झाला होता. पऱ्हाट्या वाळून उभ्या होत्या. फाल्गुनातलं ऊन. कुत्रंसुद्धा रस्त्यावर नव्हतं.

दीपमाला शाळेतून आली. मी म्हटलं, पाह्य बरं.

तिनं डोळा लावला. "काहीच नाही दिसत, बाबा. धुकं हाय नुसतं."

"तुह्ये डोळे चांगले हायेत. चांगल्या डोळ्याले ही काच धुकंच दाखोते."

ती आत गेली. मी डोळा लावला. मला लख्ख दिसलं. कित्येक वर्षांनी चौकोनाच्या चारी कडा सुरीनं कापल्यासारख्या दिसल्या. मी कॅमेरा सीताफळावर धरला, तिथून शेतावर नेला.

पऱ्हाट्यांत एक बाई उभी होती. दोनदा. सगळं दोनदाच दिसतं, म्हणून मला काही वाटलं नाही. मी कडं फिरवलं. दोन्ही बाया सरकल्या, मिसळल्या. आकडा पाहिला, पंधरा मीटर. मग कॅमेरा खाली केला.

शेत रिकामं होतं.

पुन्हा डोळा लावला. होती. मोठं करणारं भिंग चढवलं. हिरवं लुगडं. डावा हात कमरेवर. मान एका बाजूला कललेली, कोणी उशीर केला की ती कलायची तशी. चेहरा उन्हात पांढरा पडला होता, काही दिसत नव्हतं. पण चाळीस वर्षं पाहिलेल्या माणसाला चेहरा लागत नाही.

मी एक फोटो काढला. मग कॅमेरा डब्यात ठेवला आणि पाणी प्यायलो.

एक गोष्ट सांगून ठेवतो. माझे वडील छप्पन्न साली दीक्षेला नागपूरला गेले होते. परत आले त्या दिवशी भूत, देवी, भगत हे शब्द त्यांनी घराबाहेर काढले. ते शब्द मी घरात पुन्हा आणले नाहीत, आजही आणत नाही. गावात दुसरा कोणी असता तर लिंबू घेऊन भगताकडे गेला असता. बरं वाटलं असतं त्याला. मी कुठं जाणार? विहारात जाऊन काय सांगणार? मी ठरवलं, काचेत दोष आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा पाहिलं. ती शेताच्या धुऱ्याशी, बांधावर होती. आकडा दहावर आला. त्यानंतर सीताफळाखाली. पाच. झाडाची सावली तिच्या अंगावर पडत नव्हती. ती चालताना कधी दिसली नाही. पाहावं तेव्हा उभीच, फक्त अलीकडे. आणि वास येऊ लागला. कौसल्याला गुडाखूची सवय होती, तंबाखूच्या त्या काळ्या मलमानं ती दात घासायची. दुपारी, रिकाम्या अंगणात, तो वास.

रोज एक फोटो काढत होतो. रीळ मी घरीच धुतलं. फोटोत कोणी नव्हतं. पण पहिल्या फोटोत पऱ्हाट्यांमधली एक रिकामी जागा अशी स्वच्छ आली होती की बोंडांच्या वाळल्या पाकळ्या मोजाव्यात. दुसऱ्यात धुऱ्यावरची. तिसऱ्यात सीताफळाखालची. आजूबाजूचं सगळं धूसर. काच चुकत नव्हती. कुठंतरी काहीतरी होतं आणि ते बरोबर जुळत होतं.

"काय पाहून राह्यले रोज रोज?" दीपमालानं विचारलं.

"काच तपासून राह्यलो."

"बाबा, माह्या लग्नाची येवढी काळजी नोका करू." ती हसली. "मी काही लंडनले नाही चालली. पुसद हाय. रोज येईन."

"रोज नोको येऊ. अश्वजित म्हणन, सासरा सोडत नाही."

"तो तं म्हणते, सासऱ्यालेच आणू इकडं. फुकटचा फोटोग्राफर भेटन."

मी तिला काही सांगितलं नाही. पोरगी वीस दिवसांनी जाणार. तिच्या डोक्यात हे कशाला भरायचं? आणि मला वाटलं होतं, कौसल्या येते आहे ती माझ्याकडे. यायचं तर येऊ दे. माझं काम झालं आहे, पोरगी मार्गी लागली आहे. तीन मीटर झालं तेव्हा मी दाढी केली, धुतलेला सदरा घातला. दोन झालं तेव्हा तिच्या पदराची कड दिसली, उसवलेली. एक मीटरला मी चौकोनात पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हटलं, "बस झालं. ये."

एक मीटरच्या आत या कॅमेऱ्याला मोजता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर समोर कोणी नव्हतं. धुऱ्यावर नाही, झाडाखाली नाही. मी दुपारभर कॅमेरा फिरवला. अंगण नुसतं अंगण होतं. मला वाटलं, संपलं. खोटं कशाला बोलू, थोडं वाईटही वाटलं.

रविवारी दीपमालाचा फोटो काढला. आमच्यात लग्नाला पांढरी साडी. ती नेसून ती दारात स्टुलावर बसली. माझी पाठ शेताकडे होती. ऊन तिरपं झालं होतं, चांगला उजेड. ती कपाळावरची बट सारखी करत होती.

"हलू नोको," मी म्हटलं.

"हललीच नाही मी."

मी डोळा लावला. भिंग चढवलेलंच होतं. चौकोनात तिचा चेहरा मोठा दिसला. दोनदा. डावीकडे दीपमाला. उजवीकडे...

उजवीकडे कौसल्या होती. पांढऱ्याच साडीत. तशीच बसलेली, तसेच मांडीवर हात. चेहरा आता स्पष्ट होता.

तेव्हा मला कळलं. ती माझ्याकडे आलीच नव्हती. माझ्या जवळून पुढं गेली होती. मी समोर शोधत होतो आणि दार माझ्या पाठीमागे होतं.

मी थांबायला हवं होतं. पण डोळा खिडकीला लागला की माझा हात माझा राहत नाही. दोन चित्रं दिसली की बोटं कडं फिरवतात. मी फिरवलं की ते फिरलं, सांगता येत नाही. दोघी सरकल्या. कान कानात गेला. नाक नाकात. ओठांवर ओठ येताना एक क्षण दोन तोंडं हलली, दोन वेगळे शब्द. मग एकच चेहरा उरला, स्वच्छ. आणि चित्र जुळलं की बोट खटका दाबतं. आयुष्यभर तेच केलं. दाबला.

"काढला?" तिनं विचारलं.

"काढला."

ती उठून माझ्याजवळ आली. कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि डोळ्याला लावला. शेताकडे पाहिलं. बराच वेळ.

"आता साफ दिसते," ती म्हणाली.

मी ते रीळ धुतलं. तो फोटो मी काढलेला सगळ्यांत चांगला फोटो आहे. एक एक पापणी वेगळी दिसते. दीपमालानं जन्मात कधी चष्मा लावला नाही. फोटोत तिच्या नाकावर दोन्ही बाजूंना चष्म्याचे वण आहेत. जुने, खोल.

त्याच आठवड्यात तिनं अश्वजितला फोन केला. मी पलीकडच्या खोलीत होतो. ती म्हणाली, "नाही होत. यायले सोडून कोठी जाऊ मी?" यायले. यांना, कौसल्या म्हणायची तसं. बाबाले म्हणाली नाही. तो पोरगा दोनदा घरी येऊन गेला. दुसऱ्यांदा दारात माझ्या पायाशी बसला. "बाबा, माह्यं काय चुकलं, तेवढं सांगा." मी त्याला हात धरून उठवलं. लोक म्हणतात, पोरगी बापासाठी राहिली. गुणाची पोर. मी मान हलवतो.

कॅमेरा मी ट्रंकेत घालून कुलूप लावलं. त्यानं काही झालं नाही.

आता ती सकाळी सूप मांडीवर घेऊन बसते. मी पेपर धरलेला असतो. ती वर न पाहता हात पुढं करते.

"आना इकडं. आता माह्यी पाळी."

मी एका काचेचा तो चष्मा देतो. न देऊन पाहिला होता, ती संध्याकाळपर्यंत हात तसाच धरून बसली. ती तो लावते आणि खडे टिपते. एकही चुकत नाही. गुडाखूचा वास येतो. मधूनच म्हणते, "दुसरी काच बसून आना न जीवनकून. एका डोळ्यानं जमत नाही." मी रोज काहीतरी सांगतो. जीवन गावाला गेला, दुकान बंद आहे. काल ती म्हणाली, उद्या मीच जातो पुसदले.

काच आहे तो उजवा डोळा सुपात असतो. डावा, उघडा डोळा सुपात नसतो. तो माझ्याकडे पाहत असतो. पापणी न हलवता, जसं मी दीपमालाला लहानपणी शिकवलं होतं, फोटो काढताना हलायचं नाही म्हणून. त्या एका डोळ्यातून पाणी गळत असतं.

मी पाहतो आहे हे लक्षात आलं की ती पदरानं तो पुसते.

"काही नाही," ती म्हणते. "कोंडा गेला असन."