मोन्सच्या घरचं विरजण

सिनेव्हा रिकामी बरणी पोटाशी धरून उतारावरून स्कीवर सुसाट निघाली होती. वळणावर समोरून कुणीतरी आलं आणि... धप्प! दोघंही बर्फात.

“बरणी फुटली नाही ना?” तिने आधी तेच विचारलं.

“बरणी ठणठणीत आहे. माझं कंबरडं मोडलं, त्याचं कुणाला काही नाही!” तो हसत उठला. नदीपलीकडचा मोन्स! सहा वर्षं समुद्रावर मासेमारी करून परवाच गावी, वॉसला, परतलेला. नाताळ झाला की पुन्हा निघणार म्हणे. दाढी काय, खांदे काय... सिनेव्हाने पटकन नजर खाली वळवली.

“एवढी धावत कुठे?”

“तुमच्याकडेच... विरजण मागायला.” आणि तिला रडूच फुटलं. बाबांचं मनगट मोडलेलं, म्हणून नाताळची काळी, कडक बिअर यंदा पहिल्यांदाच तिच्या हाती आली होती. पहाटेपासून तिने माल्टचा गोड काढा आटवून आटवून काळसर केला होता. आणि बिअर आंबवायच्या विरजणाची बरणी? काल भांडी घासण्याच्या नादात बाईसाहेबांनी तीही कढत पाण्याने लख्ख करून ठेवलेली!

“काढा कोमट आहे तोवर विरजण पडलं नाही, तर सगळं वाया. चार दिवसांत शेजारीपाजारी चाखायला येतील... आणि आईची तेवढीच तर आठवण होती, मोन्स. तीही मी घालवली.”

“घालवलीस कसली वेडे! आमच्या घरचं विरजण तुझ्या आईनेच दिलेलं. चल, बरणी भरून देतो. पण एक अट... ओरडायला मी येणार.”

विरजण घालताना बेंबीच्या देठापासून ओरडायचं, ही तिथली रीतच. जितका आवाज मोठा, तितकी बिअर कडक.

“तुझा आवाज अजून चिमणीएवढाच का गं?” वाटेत त्याने छेडलं.

“तू कधी ऐकलास?”

“शाळेत तुझ्या मागच्याच बाकावर बसायचो. कान टवकारून... तेव्हापासून—”

“तेव्हापासून काय?”

“काही नाही. पाय उचल, काढा निवतोय!”

भरलेली बरणी घेऊन दोघं सिनेव्हाच्या घरी पोचले, तेव्हा आत जुनिपरच्या डहाळ्यांचा वास दरवळत होता. मोन्सने बरणी पुढे केली, बोटांना बोटं लागली, आणि सिनेव्हाच्या छातीत नुसती धडधड!

“घाल,” पिंपाशी बसलेले बाबा म्हणाले. “आणि ओरड. बिअर तुझी, तर आवाजही तुझाच हवा.”

तिने विरजण ओतलं. डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. ओरडायचं होतं नुसतं ‘होऽऽ’... पण निघालं,

“मोऽऽऽन्स!”

अरे देवा! तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मोन्सचे कान लालेलाल. एका ढांगेत तो दाराशी गेला, दार सताड उघडलं आणि खोरं दणाणून सोडलं,

“सिनेव्हाऽऽ! मी नाही जात आता समुद्रावर! लग्न करशील माझ्याशी?”

“अरे, मी इथे मागे उभी आहे!” ती रडता रडता हसत होती. “आणि हो... करीन! करीन!”

तेवढ्यात नदीपलीकडून मोन्सच्या आईचा आवाज आला, “आधी तिच्या बाबांना विचार, गाढवा!”

बाबांनी धड हाताच्या बाहीने डोळे पुसले. “माझं काय विचारता? झाकण ठेवा आधी पिंपावर!”