बाराच्या आधी चढलेला भाव

"माझं सुनेशी पटत नाही," खुर्चीत बसायच्या आधीच सासूबाई म्हणाल्या. "पण ती चोर नाही. चोरी करायला माणूस जरा लवचीक लागतो."

टाचणीबाईंनी चष्मा वर सरकवला. खासगी तपासाच्या धंद्यात सगळे त्यांना टाचणीच म्हणत, आणि त्यांना ते आवडत असे. 'वहिनी' म्हणणारे एकटे त्यांचे दीर, भाऊजी. निवृत्तीनंतर घरी कंटाळा येतो म्हणून ते ऑफिसात येऊन बसत आणि इथेही कंटाळत.

हकीगत अशी होती. सून शेतीच्या सरकारी आकडेवारीच्या कार्यालयात प्रकाशन अधिकारी. यंदा बटाट्याचं पीक किती येणार याचा अंदाज काल दुपारी बाराला जाहीर झाला, सगळ्यांना एकदम, मोबाइलवर. पण बाजारात बटाट्याचा भाव सकाळीच चढला होता. बातमी आधीच फुटली, हे उघड होतं. संचालकांनी संध्याकाळी सुनेला निलंबित केलं. आज दुपारी चौकशी अधिकारी येऊन तिच्या नोकरीचा निकाल लावणार होते.

"बारानंतर भावाचं काय झालं?"

"कोसळला. पीक भरपूर येणार म्हणून जाहीर झालं ना!"

"म्हणजे सकाळी खरेदी करणाऱ्यांचे हात पोळले," भाऊजी हसले.

टाचणीबाई हसल्या नाहीत. पर्स उचलून त्या उठल्याच.

कार्यालयाच्या आवारात संचालकांचा ड्रायव्हर गाडीची डिकी झाडत होता.

"बटाट्याची माती," तो करवादला. "काल सकाळी कार्यालय उघडलं नाही तोच साहेबांनी मला बाजारात पिटाळलं. दोन पोती घरी पोचवली. दुपारी बटाटे स्वस्त झाले, तर बोलणी मी खाल्ली. भाव काय मी ठरवतो?"

"तुमच्याकडे बघून तरी तसं वाटत नाही," भाऊजी म्हणाले. ड्रायव्हरने डिकी धाडकन आपटली.

सून वर कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली होती. स्वतःच्या टेबलाशी जायची तिला बंदी होती. सासूबाईंना पाहून ती उठली नाही, आणि सासूबाईही तिच्याशेजारी बसल्या नाहीत.

"पूर्वी अंदाजाची पुस्तिका आदल्या दिवशीच ठरावीक लोकांच्या घरी जायची," ती म्हणाली. "साहेबांचे साडूही त्यांत होते. बटाट्याचे मोठे व्यापारी. मी ते बंद केलं. तेव्हापासून इथे मला कोणी पाणीही विचारत नाही."

"जाहीर होण्याआधी आकडे कोणाकडे होते?"

"माझ्याकडे आणि अंदाजासोबतचा पिकाचा नकाशा काढणाऱ्याकडे."

नकाशा काढणारा खोलीत एकटाच होता. बोलताना त्याने मान वर केली नाही.

"आकडे बाहेर बसलेल्या बाईंनी दिले, नकाशा मी रंगवला. फुटलं कसं, मला विचारू नका. आधीच त्यांनी डोकं फिरवलंय. वर्षानुवर्षं घट तांबडी आणि वाढ हिरवी असायची. आकडे वापरणाऱ्या लोकांच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, मला तांबडं-हिरवं वेगळं ओळखता येत नाही. झालं! बाईंनी सगळा नकाशा तांबड्यातच करायला लावला. पीक जास्त, तिथे रंग गडद."

"आणि हे नकाशावर लिहिलेलं असतं?"

"खालच्या कोपऱ्यात. ते मी शेवटी, बाराच्या जरा आधी घातलं."

संचालकांनी त्यांना बसा म्हटलं नाही.

"माझ्यापाशी आकडा नव्हता. काल सकाळी नकाशा पाहिला, तोही कागदावर नीट बसतोय का, एवढ्यापुरता. कोपरा कोरा होता."

"वापरकर्त्यांच्या बैठकीला तुम्ही होता?"

"असल्या बैठकांना मी जात नाही! पूर्वी मोजक्या माणसांच्या घरी मानाने पुस्तिका जायची. आता कोणीही उठतो आणि आकड्यांवर अक्कल पाजळतो. चला, निघा."

चौकशी अधिकारी आले. दुपारी सगळे त्यांच्यासमोर बसले, एकमेकांकडे न बघता.

"भाव चढला, म्हणजे पीक बुडालं अशी बातमी बाजारात गेली," टाचणीबाई म्हणाल्या. "पीक तर भरपूर होतं. फुटलेली बातमी साफ उलटी होती. ज्या दोघांकडे आकडे होते, ते उलटी बातमी कशी देतील?"

"मुद्दाम दिली असेल, वहिनी," भाऊजी म्हणाले. "व्यापाऱ्यांना बुडवायला."

"देणाऱ्याने मुद्दाम दिली असती, तर त्याने स्वतः तिच्यावर विश्वास ठेवला नसता. आणि एकाने तर ठेवला. टंचाई येणार म्हणून सकाळीच दोन पोती घरी भरली. आकडा त्याच्यापाशी नव्हता. होता फक्त कोरा कोपरा असलेला, जिकडेतिकडे गडद तांबडा नकाशा. जुन्या सवयीने त्याने तांबडं म्हणजे घट असं वाचलं. रंग बदलले ते बैठकीत, आणि बैठकीला तो जात नाही."

"बटाटे घेणं गुन्हा आहे का?" संचालक ओरडले.

"नाही. साडूंना फोन करणं आहे."

"रंग उलटे केले तर मला सांगायला नको? काल रात्री साडू दारात येऊन मला काय काय..."

त्यांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. चौकशी अधिकाऱ्यांनी त्यांचा फोन मागितला आणि त्यांनी तो मुकाट्याने टेबलावर ठेवला. त्यांना बाहेर नेलं तेव्हा कोणालाही वाईट वाटलं नाही, आणि वाटायचं कारणही नव्हतं.

अधिकाऱ्यांनी सुनेचं निलंबन रद्द करायला पेन काढलं.

"फक्त एक," ते गोड आवाजात म्हणाले. "पुढच्या वेळेपासून आकडे आधी माझ्याकडे पाठवत जा. खबरदारी म्हणून."

"नाही," सून म्हणाली. "बाराला सगळ्यांना मिळतील, तेव्हाच तुम्हालाही."

भाऊजींनी डोळे मिटून घेतले. अधिकाऱ्यांचं पेन कागदावर थबकलं, चेहरा कडक झाला. क्षणभर वाटलं, हातातोंडाशी आलेली नोकरी हिने स्वतःच्या हाताने घालवली.

"सही करा," सासूबाई म्हणाल्या. "ती वळणार नाही. लग्न झाल्यापासून मी प्रयत्न करतेय."

अधिकाऱ्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा सासूकडे, आणि सही केली.