भोरगिरीच्या कड्यावर अडकलेला श्वास

भोरगिरीच्या रानामागचा बिननावाचा सुळका आम्हाला सर करायचा होता. माथ्यावर ‘शून्य अपघात’ असा कापडी फलक धरून कंपनीच्या सुरक्षा सप्ताहासाठी फोटो काढायचा होता! चाकणहून आम्ही तिघं निघालो: सुरक्षा अधिकारी रंगराव, लातूरकडचा वेल्डर ज्योतीराम आणि मी, कंपनीच्या दवाखान्यातली नर्स स्वरूपा. गावातून कोंडीरामबाबा वाट दाखवायला आले.

“ऑक्सिजनचा सिलिंडर कशाला? उगाच वजन!” म्हणत रंगरावांनी तो गाडीतच ठेवायला लावला.

कारवीच्या दाट झुडपांतून, वाळक्या पाल्यावरून घसरत आम्ही कड्याच्या कमरेशी पोहोचलो. खाली भीमेचं खोरं उन्हात पसरलं होतं. तेवढ्यात ज्योतीरामनं आधाराला धरलेला दगड निसटला! दहा फूट खाली कोसळून ज्योतीराम छातीवर आपटला.

“बरगडी मोडली असणार. उतरायला हवं,” मी म्हणाले.

“मुका मार आहे हो, सिस्टर! तासाभरात माथा येतोय,” रंगराव म्हणाले.

साहेबांपुढं ज्योतीराम काय बोलणार? मुकाट उठला, चढू लागला. मीही त्याला अडवलं नाही. स्वतःचाच संताप आजही येतो.

वीस मिनिटांत तो मटकन बसला. ओठ निळे. मानेच्या शिरा टरारलेल्या. उजव्या छातीला स्टेथोस्कोप लावला, तर श्वासाचा आवाजच नाही!

“ताई... दम... येईना...”

“घाबरलाय तो. पाणी पाजा,” रंगराव म्हणाले.

“साहेब, गप्प बसा!” मी ओरडले.

नशिबानं फोनला रेंज होती. आमचे डॉक्टर बुद्धरत्न यांना सगळं सांगितलं.

“फुप्फुस फाटून हवा छातीत कोंडतेय, हृदय दाबतेय,” ते म्हणाले. “किरकोळ असतं तर ऑक्सिजन देऊन नुसती नजर ठेवली असती. खरा इलाज छातीत नळी, पण ती हॉस्पिटलात. तोवर तो जगायचा नाही. सुई घाल!”

“एक्सरे न काढता?”

“एक्सरेची वाट बघशील तर माणूस जाईल. मी फोनवर आहे. घाल!”

पिशवीत सलाईनच्या, वर प्लॅस्टिकची नळी असलेल्या दोन जाड सुया होत्या. उजवीकडं गळ्याच्या हाडाखाली बरगड्या मोजल्या. तिसरीच्या वरच्या कडेला टेकवून सुई आत ढकलली.

फुस्स्स! हवा सुटली! सुई काढून प्लॅस्टिकची नळी तशीच ठेवली. ज्योतीरामनं डोळे उघडले.

कोंडीरामबाबांनी दोन बांबू तोडले आणि रंगरावांच्या सॅकमधून फलक ओढला.

“अहो, फाटेल तो! फोटो राहिलाय!”

“आन् मानूस फाटला त्यो चालतोय व्हय? धरा टोक!”

त्याच कापडाची झोळी करून उतरलो. तीन तास! खांदे सोलले. ओढ्यापाशी नळी तुंबली, ओठ पुन्हा निळे. शेवटची सुई वापरली. पुन्हा हवा सुटली.

चाकणच्या हॉस्पिटलात सर्जननं छातीत नळी घातली. बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे येऊ लागले. दाबलेलं फुप्फुस हळूहळू फुलू लागलं.

दुसऱ्या दिवशी रंगराव अपघाताचा फॉर्म घेऊन ज्योतीरामच्या खाटेपाशी आले. “सिस्टर, ‘घरी शिडीवरून पडला’ असं लिहा. सप्ताहाचं बक्षीस जाईल हो!”

माझं डोकं भणभणलं. मी लिहिलं: ‘उतरा म्हणून सांगूनही जखमीला वर चढवलं.’ खाली सही केली.

“ज्योतीराम, तूच सांग हिला!” रंगराव चिडले.

ज्योतीरामनं तोंडावरचा मास्क बाजूला केला. कळ सोसत मोठा श्वास घेतला.

“ताई, पेन इकडं द्या. माजी बी सही पाहिजे त्याच्यावर.”