बाजूच्या सीटचा बेल्ट

आपल्या सुदाम गजभियेची ही हकिकत. खोटं वाटलं तर त्यालाच विचारा. तो सांगायचा नाही, उठून आत निघून जाईल. पण 'असं झालंच नाही' असंही म्हणायचा नाही.

तारीख दोन डिसेंबर, दोन हजार पाच. शुक्रवार. अमावस्या आदल्याच दिवशी झालेली. सुदाम तेव्हा जर्मनीत, र्युसेल्सहाइमला राहायचा, नोकरी एश्बॉर्नला, एका आयटी कंपनीत. दहा दिवसांनी त्याची बायको कीर्ती नागपूरहून यायची होती, म्हणून त्याने ओडेनवाल्डच्या डोंगरातल्या एका खेड्यातून जुनी गाडी घेतली होती. सोळा वर्षांची, निळी. विकणारा म्हातारा, ब्रेमर, एकटाच राहायचा. गाडीचे हिवाळी टायर त्याच्याच गॅरेजमध्ये राहिले होते. ते घेऊन यायचे. काम एवढंच.

गाडीत खोट म्हणावी तर एकच. ड्रायव्हरशेजारच्या सीटचा बेल्ट अडकलेला. सीट रिकामी आणि बेल्ट मात्र लावलेला, निघायचं नाव नाही. बकलचं लाल बटण दाबलं तरी आत जात नव्हतं. विकतानाच ब्रेमर म्हणाला होता, "ते तसंच राहू द्या. दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका."

"माझी बायको येतेय. ती कुठे बसेल?"

"मागे," म्हातारा म्हणाला आणि दार लावून घेतलं.

सुदाम पडला इंजिनियर. अडकलेली वस्तू समोर असताना स्वस्थ बसेल कसा? त्या शुक्रवारी तो दुपारीच घरी आला. व्हॅक्यूम क्लीनरचं निमुळतं तोंड लावून बकलमधली धूळ ओढली, स्प्रे मारला, जुना टूथब्रश फिरवला. बटण जागचं हलेना. मग टॉर्च धरून पाहिलं, तर बटणाच्या फटीत काहीतरी पिवळं चमकलं. सुई आणि चिमटा घेऊन अर्धा तास झटल्यावर ते बाहेर आलं.

पितळेची पाचर. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी. कानसीने घासून अगदी मापात बसवलेली. अशी गोष्ट चुकून आत पडत नाही हो... कोणीतरी ती बसवलेली असते.

आणि पाचरीमागून एक तुटलेलं नख निघालं. बाईचं. फिकट गुलाबी रंग लावलेलं.

सुदामने बटण दाबलं. खट्. बेल्ट सुर्रकन वर गेला. त्याच क्षणी एक गार झोत त्याच्या तोंडावर आला. पुष्कळ दिवस कोंडून धरलेला श्वास कोणी सोडावा, तसा.

त्याने मनावर घेतलं नाही. ती पाचर म्हाताऱ्याला दाखवायची म्हणून खिशात टाकली आणि कीर्तीला फोन लावला.

"बेल्ट झाला बरं का दुरुस्त."

"मग मी पुढेच बसणार," ती हसली. "आणि अहो, पोचलात की मिस्ड कॉल द्या."

साडेचारला तो निघाला. हायवे सुटला, घाट लागला, तोवर मिट्ट काळोख. दोन्ही बाजूंना उंच झाडं, रस्त्याकडेला बर्फाची पांढरी रेघ. पावणेसहा वाजले असतील.

खट्.

सुदामने मान वळवली. शेजारचा बेल्ट लावलेला होता.

त्याने स्वतःशीच म्हटलं, मीच लावला असेन मघाशी. मग त्याचं लक्ष नीट गेलं. बेल्ट सीटला चिकटलेला नव्हता. सीटपासून वीतभर पुढे होता. ताणलेला. मध्ये काहीच नव्हतं... आणि तो हळूहळू वर-खाली होत होता.

हीटर चालू होता. तरी त्या बाजूची काच आतून धुरकटली. मग गोठली.

थांबावं? कुठे थांबणार? दिवा नाही, घर नाही. सुदामच्या ओठांवर आपोआप 'बुद्धं सरणं गच्छामि' आलं. तो नुसते ओठ हलवत गाडी चालवत राहिला. शेजारी पाहिलं नाही. एकदाही नाही.

ब्रेमरच्या अंगणात गाडी लागली. म्हातारा टॉर्च घेऊन बाहेर आला.

"टायर मागे आहेत," तो म्हणाला.

सुदाम उतरला. त्याने पाचर पुढे केली. "ही बकलमध्ये होती."

टॉर्चचा उजेड त्या पितळेवर पडला. म्हाताऱ्याने झडप घालून ती हिसकावून घेतली.

"काढलीत? कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" त्याचा आवाज चिरका झाला. "म्हणजे आता... आता तो उघडतो?"

"उघडतो."

म्हातारा एक पाऊल मागे सरकला. "मग ती उतरेल..."

गाडीत कोणी नव्हतं.

खट्.

बेल्ट सुर्रकन वर गेला. पलीकडचं दार उघडलं. हळू. घाई कसलीच नव्हती.

अंगणातल्या ताज्या बर्फावर एक पाऊल उमटलं. त्याच्यामागे दुसऱ्या पायाची फरफट. पुन्हा एक पाऊल. पुन्हा फरफट. सुदामच्या अगदी जवळून... पुढे. म्हाताऱ्याकडे.

"हिल्डे," म्हातारा पुटपुटला. "हिल्डे, नाइन... नको..."

तो घरात पळाला. दार आपटलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

मग कडी काढल्याचा.

सुदाम गाडीत कसा बसला, घरी कसा पोचला, त्याला आठवत नाही.

रविवारी पोलिसांचा फोन आला. ब्रेमर गेला होता. गाडीच्या करारावर सुदामचं नाव, म्हणून चौकशी. तेव्हा कुठे त्याला सगळं कळलं. सात वर्षांपूर्वीच्या जानेवारीत ब्रेमर नवराबायको रात्री जंगलातल्या रस्त्यावर अडकले होते. हीच निळी गाडी बंद पडली, बायकोचा बेल्ट निघेना, मी मदत आणायला गेलो आणि बर्फात वाट चुकलो, असं ब्रेमरने सांगितलं होतं. बायकोची, हिल्डेची, डावी बाजू अर्धांगवायूने गेलेली. उणे अठरा तापमान. पहाटे तो माणसं घेऊन आला, तेव्हा ती गोठून लाकूड झाली होती. बेल्ट सैल करून, खालून ओढून तिला बाहेर काढली. अख्खं गाव त्याच्यासाठी रडलं होतं.

सुदामने पाचरीचं सांगितलं.

"ती त्याच्या घशात अडकलेली सापडली," पोलीस म्हणाला. "पण तो गुदमरून मेला नाही. डॉक्टर म्हणतात, थंडीने मेला. स्वयंपाकघरात, खुर्चीवर बसल्या बसल्या. हीटर पूर्ण चालू. आम्हाला कोट काढावे लागले, इतकं गरम होतं."

"आणि?"

"टेबलावर कॉफीचे दोन कप होते. त्याचा उकळता होता. समोरचा... दगडासारखा गोठलेला. काल दुपारपासून माझ्या टेबलावर आहे तो कप. खोलीत बावीस डिग्री आहे."

"मग?"

"अजून वितळलेला नाही."