शेऱ्याचा रकाना

मृत्यूनंतर माणसाचं काय होतं, या एका प्रश्नापुढे जगातले सगळे धर्म, सगळी शास्त्रं आणि सगळे तत्त्वज्ञ हजारो वर्षं हात टेकून उभे आहेत.

ताइस्तोपुढचा प्रश्न वेगळा होता. घरच्या कॉम्प्युटरची सिस्टीम अपग्रेड करावी की नको?

ही घटना शंभर टक्के खरी आहे. ताइस्तोनं ती स्वतः सांगितली, आणि तीही सौनात, वाफेच्या खोलीत फळीवर बसून. तिथे माणूस उघडा असतो. खोटं ठेवायला खिसा नसतो.

स्थळ, उत्तर फिनलंडमधलं, गोठलेल्या समुद्राकाठचं केमी गाव. वेळ, डिसेंबरातली काळीकुट्ट रात्र...

म्हणजे दुपारचे तीन.

हसू नका. डिसेंबरात केमीला सूर्य दोनच्या आत मावळतो. तिथल्या भुतांना जागरण करावं लागत नाही.

ताइस्तो चौऱ्याहत्तर वर्षांचा. छत्तीस वर्षं कागदाच्या गिरणीत मशीनवर काढलेली. बायको सिर्क्का शाळेत भूगोल शिकवायची. मार्चमध्ये गेली. हृदय बंद पडलं. स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, उभ्या उभ्या.

मागे राहिलं दोन खोल्यांचं घर, कॉफीचं यंत्र आणि मागच्या खोलीतला कॉम्प्युटर.

कॉम्प्युटर सिर्क्काचा. रोज दुपारी तीनला ती कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव घेऊन त्या खोलीत जायची. दार लोटून घ्यायची. थोडा वेळ टकटक ऐकू यायची. मग बाहेर येऊन कप विसळायची. सत्तावीस वर्षं यात खंड नाही.

ती हवामानाची नोंद ठेवायची. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं तिला छोटासा प्रोग्राम करून दिला होता. कॉम्प्युटर दोनदा बदलला, प्रोग्राम तोच राहिला. त्यात तीन रकाने. तारीख, तापमान, शेरा. खिडकीबाहेरच्या तापमापकाची तार भिंतीतून आत आणून कॉम्प्युटरला जोडली होती, त्यामुळे पहिले दोन रकाने आपोआप भरायचे. शेरा तेवढा हातानं लिहायचा.

एकदाच तिनं तक्रार केली होती.

"शेऱ्याला चाळीसच अक्षरं ठेवलीत. चाळीस अक्षरांत काय मावतं?"

"हवामान," ताइस्तो म्हणाला होता.

त्या वर्षातलं ते त्यांचं सगळ्यात लांबलेलं संभाषण.

तर, नोव्हेंबरात त्या कॉम्प्युटरवर एक चौकट उमटायला लागली.

'आपली सिस्टीम जुनी झाली आहे. यापुढे तिची काळजी घेतली जाणार नाही.'

ताइस्तोनं चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. मजकूर त्याच्याबद्दल नव्हता, हे कळायला जरा वेळ गेला.

खाली दोन बटणं. 'आत्ता करा' आणि 'नंतर आठवण द्या'. 'नको' असं बटण नव्हतं.

ओउलूहून मुलीचा, पैविक्कीचा, दर रविवारी फोन यायचा.

"बाबा, झालं का अपग्रेड?"

"विचार चाललाय."

"तीन आठवडे? लग्नाचा तरी एवढा विचार केला होतास का?"

"केला होता."

"आई सांगायची ना. बसस्टॉपवर म्हणालास, 'जूनमध्ये हॉल रिकामा आहे.' एवढंच. लग्न करशील का असं विचारलंसुद्धा नाहीस."

"ती आली ना पण जूनमध्ये?"

"बाबा, नवीन वर्षापासून त्या कॉम्प्युटरवर बँक उघडणार नाही. गोळ्यांची चिठ्ठी मिळणार नाही. काय करशील मग?"

"चालत जाईन बँकेत."

"गावातली शाखा बंद होऊन सहा वर्षं झाली!"

ताइस्तोनं बोटांवर मोजलं. हा सहा वर्षांचा हिशेब त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

मंगळवारी त्यानं ठरवलं. करून टाकू. चौकट आलेलीच होती. तो चष्मा आणायला स्वयंपाकघरात गेला. दहा पावलं जाताना, दहा येताना.

परत आला तर...

चौकट नव्हती.

कोपऱ्यात बारीक अक्षरं होती. 'ठीक आहे. उद्या आठवण देऊ.'

त्यानं तर काहीच दाबलं नव्हतं.

त्यानं माउसवर हात ठेवला...

माउस कोमट होता.

बुधवारी तो तिकडे फिरकलाच नाही. स्वयंपाकघरात कॉफी ओतून बसला. बाहेर मिट्ट अंधार. रस्त्यावर बर्फ ढकलणारी गाडी येऊन गेली. मग सगळं शांत.

भिंतीवरचं घड्याळ तीनवर आलं.

टक... टक टक...

रेडिएटर असेल. जुने पाइप आहेत, तापले की वाजतात.

टक टक टक... खट्.

ताइस्तोच्या हातातला कप तिथेच थांबला.

तो 'खट्' त्याच्या ओळखीचा होता. त्या कीबोर्डचं, दोन शब्दांमध्ये जागा सोडायचं लांब बटण कित्येक वर्षं अडकायचं. प्रत्येक शब्दानंतर खट्. पाइपांना शब्दांमध्ये जागा सोडून बोलायची सवय नसते.

तो उठला नाही. मागच्या खोलीत टकटक चालू असताना आत जायचं नाही, हा त्या घराचा नियम होता. कुणी घालून दिला होता, ते मात्र दोघांनाही आठवलं नसतं.

टकटक थांबली.

आता कप विसळल्याचा आवाज यायला हवा. ताइस्तो कान देऊन बसला.

नळ वाजला नाही...

मग तो गेला. काल निघताना त्यानं दार सताड उघडं ठेवलं होतं. आता ते लोटलेलं होतं. त्यानं बोटानं ढकललं.

पडद्यावर सिर्क्काचा प्रोग्राम उघडा होता.

मार्चपासूनच्या ओळी खाली खाली गेल्या होत्या. तापमान रोजचं भरलेलं. शेरा कोरा. कोरा. कोरा. नऊ महिने कोरा.

आणि अगदी शेवटी, आजची तारीख. उणे अकरा. शेरा...

'आज तरी दार उघडतो का बघू.'

घाबरलेला माणूस पळतो. ताइस्तो खुर्चीत बसला. मग त्यानं माउसचं चाक वर फिरवायला सुरुवात केली. मार्च. फेब्रुवारी. मागचं वर्ष. त्याच्या मागचं.

सत्तावीस वर्षांत एकही शेरा हवामानावर नव्हता.

'उणे बावीस. बोलला नाही.'

'उणे तीन. "कॉफी" म्हणाला.'

'अधिक चौदा. गवत कापलं. गवताशी बोलत होता.'

'अधिक नऊ. पैवी घर सोडून गेली. मी रडले. त्यानं रेडिओ मोठा'

तिथे चाळीस अक्षरं संपली होती.

'उणे सात. वाढदिवस. माझा.'

मग या वर्षीचा मार्च.

'उणे दहा. छातीत दुखतंय. विचारतो का बघू.'

'उणे आठ. जिन्यात थांबले. तो पुढे गेला.'

'उणे आठ. नाही विचारलं.'

'उणे चार. रात्रभर दुखलं. त्यानं विचारलं असतं तर मी'

पुढच्या दिवसापासून कोरं.

ताइस्तोला तो जिना आठवला. ती थांबली होती. त्यानं वळून पाहिलंही होतं. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल, असं त्याला वाटलं होतं. एखाद्याला उगाच खोदून विचारणं त्याच्या लेखी असभ्यपणा होता. आणि ती? ती वाट बघत होती.

आणि आता हे सगळं इथे लिहिलेलं होतं. पैवीला वाचता येईल असं. ठळक अक्षरांत.

त्यानं फोन उचलला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याचा एखादा निर्णय अर्ध्या मिनिटात झाला.

"पैवी, शनिवारी ये. करून टाक ते अपग्रेड."

पैविक्की दीड तास गाडी चालवून आली. बूट दारात काढले, कोट खुर्चीवर टाकला, पेनड्राइव्ह खुपसला आणि कामाला लागली.

"बाबा, आईचं ते हवामानाचं होतं ना काहीतरी? नव्या सिस्टीमवर ते चालणार नाही. आधी कॉपी करून घेऊ?"

"कशाला?"

"आठवण म्हणून."

"नुसते आकडे आहेत."

"नुसते आकडे?"

"उणे अकरा, उणे बारा. असलंच."

पैविक्कीनं त्याच्याकडे पाहिलं. "नक्की पुसू सगळं? परत येणार नाही हं."

"पूस."

तापमापकाची तार तिनं उपटली. "हिचाही उपयोग नाही आता." ताइस्तोनं ती गुंडाळून खणात टाकली.

पडद्यावर टक्के चढायला लागले. तोवर दोघं माशाचं सूप प्यायला बसले. पैविक्कीनं पावाला लोणी लावलं, तेव्हा ताइस्तोला दिसलं, तिच्या बोटात लग्नाची अंगठी नव्हती. जागा पांढरी पडली होती.

"तू बरा आहेस ना, बाबा?" तिनं विचारलं.

"आहे."

ती थोडा वेळ थांबली. चमचा हातातच.

"सूप चांगलं झालंय," ताइस्तो म्हणाला.

आतून टिंग वाजलं. अपग्रेड पूर्ण. निळ्या पडद्यावर शब्द उमटले होते... 'सगळं तुम्ही ठेवलं होतं तिथेच आहे.'

"असं लिहितात ते, लक्ष नको देऊस," पैविक्की म्हणाली. तिनं तपासून दाखवलं. बँक उघडली. गोळ्यांची चिठ्ठी निघाली. सिर्क्काचा प्रोग्राम शोधला, सापडला नाही. कॉम्प्युटर धुतल्यासारखा स्वच्छ.

अडीचला ती निघाली. ताइस्तोनं खिडकीतून हात हलवला. मग कॉफी ठेवली. नऊ महिन्यांत पहिल्यांदा त्याला मोकळं वाटत होतं. त्याची लाजही वाटत होती. पण मोकळं वाटत होतं.

घड्याळ तीनवर आलं.

काही नाही.

तीन वाजून एक मिनिट.

काही नाही. त्यानं पावाचा तुकडा मोडला.

टक...

टक टक टक टक टक... खट्. टक टक टक टक... खट्. टक टक...

या वेळी थांबायचं नावच नाही. पूर्वी पाचसात शब्दांत काम व्हायचं. आता पाच मिनिटं झाली. दहा झाली. पंधरा.

तो गेला. दार लोटलेलं होतंच.

खुर्ची रिकामी. कीबोर्डवर कुणी नाही. पडद्यावर एक कोरं पान उघडलेलं. त्याला रकाने नव्हते. कसलीच मर्यादा नव्हती. आणि त्या पानावर...

'उणे सोळा असावं. इथे जागा भरपूर आहे.'

खाली दुसरी ओळ.

'सुरुवातीपासून सांगते. त्या जूनमध्ये, हॉलमध्ये, तू माझ्या शेजारी उभा होतास आणि दाराकडे बघत होतास. मला थंडी वाजत होती...'

ओळी त्याच्या डोळ्यांदेखत वाढत होत्या. पान भरलं. दुसरं भरलं. आता ती 'तो' लिहीत नव्हती. 'तू' लिहीत होती.

मधेच एक ओळ सुटी पडली.

'पैवीच्या बोटात अंगठी नव्हती. तू पाहिलंस.'

ताइस्तो स्वयंपाकघरात धावला. नंबर लावला.

"बाबा? अजून रस्त्यातच आहे मी. काय झालं?"

गाडीचा आवाज येत होता. ती नाक ओढत होती. सर्दी नव्हती ती.

शब्द ओठांवर आला होता. आलाच होता.

"पैवी..."

"बोल ना."

"इकडे... उणे सोळा असावं. सावकाश चालव."

पलीकडे तिनं पुन्हा नाक ओढलं.

"बरं, बाबा," ती म्हणाली. फोन बंद.

मागच्या खोलीत टकटक आणखी जोरात सुरू झाली.

त्या दिवसापासून ती रोज लिहिते. तीनला सुरू होते, कधी सहाला संपते. ताइस्तोनं कॉम्प्युटरची वायर काढून पाहिली. त्या दिवशी पडदा काळा होता, पण टकटक झालीच, आणि दुसऱ्या दिवशी वायर जोडल्यावर मधला मजकूर पानावर होता. पैविक्कीला त्यानं कळवलेलं नाही. पाच महिने झालेत. सिर्क्का लग्नाच्या अकराव्या वर्षापर्यंत आली आहे. अजून बत्तीस वर्षं बाकी आहेत.

सौनात ताइस्तोनं सांगितलं ते इतकं. फळीवरच्या तिघांपैकी एकानं पाण्याची पळी उचलली. तापलेल्या दगडांवर पाणी पडलं, वाफ झाली, वाफ गेली.

शेवटी एकानं विचारलंच. "मग तू तिला काहीच विचारलं नाहीस?"

"विचारलं," ताइस्तो म्हणाला. "परवा. दारात उभा राहिलो. म्हटलं, सिर्क्का... फार दुखत होतं का?"

"मग?"

"टकटक थांबली. पहिल्यांदाच मधे थांबली. दोन मिनिटं तरी काहीच नाही. खुर्ची जरा करकरली. मी दाराची चौकट धरून उभा. मग एक ओळ आली."

"काय आलं?"

ताइस्तोनं घाम पुसला. घामच असावा.

"म्हणाली, 'खणातली तार परत जोड. रोज तापमान अंदाजानं लिहावं लागतंय.'"