पुसलेलं पान

"डोळे बिघडलेत की कॅमेरा, एवढंच सांगा," असं म्हणत त्याने काउंटरवर फोटो ठेवले, तेव्हा ती सवयीने काच पुसत होती. मामाच्या चष्म्याच्या दुकानात बसायला लागल्यापासून तो मऊ पिवळा फडका तिच्या हातातून सुटत नसे. घरी जेवायला बसली तरी आधी पेला पुसायची. आई म्हणायची, "हिला सासर काचेचंच बघायला हवं."

फोटो सगळे एकाच झाडाचे होते. जाड, गुबगुबीत पानं कमळासारखी उमललेली आणि मधून वाकलेल्या दांडीवर नारिंगी फुलं. निदान फुलं असावीत. कुंडी लख्ख दिसत होती, वरचं सगळं धुक्यात.

"कुंडी पाठवायची आहे का कुठे?" तिने विचारलं.

"फुलं पाठवायचीत. हौशी लोकांची स्पर्धा आहे, अशाच झाडांची. झाड आपण वाढवलेलं हवं." तो ओशाळून हसला. "एका गळालेल्या पानापासून वाढवलंय हे. पहिल्यांदाच फुललंय..."

लिफ्ट दुरुस्त करायचं काम करी तो. समोरच्याच इमारतीत राहायचा. मामाने डोळे तपासले, बारीकसा नंबर काढला आणि म्हणाला, "चष्मा लागेल, लिफ्टवाले."

"पण सगळा दोष डोळ्यांचा नाही," ती फोटो निरखत म्हणाली. "तुम्ही फार जवळ जाता. या कॅमेऱ्याला इतकं जवळचं दिसत नाही."

"आवडलं की जवळ जातो मी."

"मग धूसरच दिसणार."

मामाला उगाच खोकला आला. "जा, दाखवून ये एकदा. इथे काही गिऱ्हाइकांची झुंबड नाही."

त्याच्या इमारतीच्या गच्चीवर उतरतं, मऊ ऊन होतं. रोलमध्ये एकच फोटो उरला होता. तेव्हाचे दिवसच तसे. फोटो आधी मनात काढावा लागे, मग कॅमेऱ्यात. उजेड फुलांवर परतवायला पांढरा पुठ्ठा हवा म्हणून तो खाली गेला आणि ती झाडापाशी एकटी राहिली.

पानांवर पांढुरकी धूळ बसली होती. बिचारा, इतकं जपतो आणि साधं पुसतही नाही! तिने फडका काढला. एक पान पुसलं, दुसरं पुसलं... खालून कसा छान हिरवा रंग वर आला. तिसरं पान तर देठापासून सुटून तिच्या हातातच आलं.

पुठ्ठा घेऊन तो दारात उभा होता.

"धूळ होती," ती म्हणाली.

"धूळ नव्हती," तो हळूच म्हणाला. "झाडाचीच पावडर ती. उन्हापासून जपायला झाडच अंगावर धरतं. एकदा पुसली की त्या पानावर पुन्हा नाही येत."

तिला तोंड कुठे लपवावं कळेना. त्याने तिच्या तळहातावरचं पान उचललं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि "उजेड जाईल," एवढंच म्हणून दोन पावलं मागे सरकून फोटो काढला. रागावला असता तर बरं वाटलं असतं तिला.

चष्मा तयार झाला. डबीत पडून राहिला. तो काही आला नाही. दार करकरलं की तिची नजर वर जायची, मग पुन्हा काचेवर.

"लिफ्ट मध्येच अडकली वाटतं," मामा म्हणाला. ती हसली नाही. पण स्पर्धेच्या रविवारी त्यानेच डबी तिच्या हातात ठेवली. "गिऱ्हाईक येत नसेल तर आपण पोचवावं."

वाचनालयाच्या दालनात टेबलांवर फोटो मांडले होते. येणाऱ्या प्रत्येकाला एक पांढरा खडा मिळायचा, कुंडीत घालतात तसा. जो फोटो आवडेल त्याच्यापुढे तो ठेवायचा. त्याच्या फोटोत फुलं एकेक करून मोजावीत इतकी स्पष्ट होती आणि खाली, तितकाच स्पष्ट, फडका फिरलेला हिरवा पट्टा.

"कुणी पुसलं रे हे?" स्पर्धा भरवणाऱ्या मंडळातल्या सर्वांत जुन्या आजी चष्मा सावरत विचारत होत्या.

"मदतीला आलं होतं कुणीतरी."

"माझ्याकडेही एक असाच आला होता मदतीला." आजींनी कोपऱ्यात डुलक्या घेणाऱ्या आजोबांकडे बोट दाखवलं. "मग गेलाच नाही." आणि त्यांनी आपला खडा त्याच्या फोटोपुढे ठेवला.

तिने पुढे होऊन डबी धरली. "चष्मा. तुम्ही आलाच नाहीत."

"कसा येणार?" त्याने टेबलाखालून मातीची बशी काढली. तिच्यात ते गळालेलं पान होतं, सुरकुतलेलं. त्याच्या टोकाशी गुलाबी मुळं आणि मुळांवर तांदळाएवढं नवं झाड. "त्या दिवशी ज्या चेहऱ्याने तुम्ही गेलात... नुसतं 'असू दे' म्हणून भागलं नसतं. हातात काहीतरी घेऊनच यायचं होतं."

"आणि फुटलं नसतं तर?"

"तर आंधळाच राहिलो असतो."

ती वाकून बघत राहिली. त्या इवल्या पानांवर नवी, पांढरी पावडर होती. तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले. ते बघून तो हसला आणि चष्मा चढवून तिच्याकडे बघू लागला... जरा जास्तच वेळ.

"दोन पावलं मागे जाऊ?"

"नको," ती म्हणाली. "आता चष्मा आहे."

त्याच्या काचेवर बोटाचा ठसा उमटला होता. तिचा हात फडक्याकडे गेला आणि थबकला. जन्मात कधी कुणाला विचारलं नव्हतं, ते तिने विचारलं, "पुसू?"

"हे पुसा," तो म्हणाला आणि मान तिच्यापुढे वाकवली. "रोज पुसलंत तरी चालेल."